कंपनी खरी आहे, पण मेसेज पाठवणारा तिचा आहे का?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ते थोडं आटोपशीर करून देते.

‘ताई, एका छोट्या ऑफिसात सात वर्षं हिशेबाचं काम केलं आणि सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली. त्याला आता चार वर्षं झाली. मागच्या आठवड्यात मोबाइलवर एका मोठ्या कंपनीच्या नावाने मेसेज आला. घरून डेटा एंट्री, रोज तीन तास काम आणि पगार माझ्या जुन्या पगाराच्या दुप्पट. चॅटवरच दहा-बारा प्रश्न विचारले आणि तासाभरात ऑफर लेटर आलं. ओळखपत्राची प्रत मागितली, ती मी पाठवली. आता लॅपटॉपसाठी डिपॉझिट भरायला सांगतायत, पहिल्या पगारासोबत परत मिळेल म्हणतात. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे. जाऊबाई म्हणतात, कंपनी खरीच आहे, इंटरनेटवर सगळी माहिती आहे. हे म्हणतात, “घरबसल्या एवढा पगार तुला कोण देणार?” ते फार लागलं. माझी शंका बरोबर आहे की माझा आत्मविश्वासच गेलाय, तेच कळत नाही. खात्री करायची तरी कशी?’

पत्र वाचल्यावर तुम्हाला तेव्हाच दोन ओळी कळवल्या होत्या: एक पैसाही पाठवू नका आणि उद्याची मुदत खुशाल जाऊ द्या. आता सविस्तर लिहिते, कारण असं पत्र मला आलेलं हे पहिलं नाही.

तुमच्या जाऊबाई म्हणतात ते खोटं नाही. कंपनी खरी आहे. म्हणूनच तर तिचं नाव वापरलंय. फसवणाऱ्याने स्वतः काढलेली कंपनी कोणाला माहीत नसते, तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. नावाजलेल्या कंपनीचं नाव लावलं की तिच्यावर लोकांचा जो विश्वास असतो तो फुकटात मिळतो. त्यामुळे ‘ही कंपनी अस्तित्वात आहे का’ एवढं शोधून थांबलात तर उत्तर ‘आहे’ असंच येणार आणि तुम्ही निर्धास्त होणार. शोधायचं आहे ते वेगळंच: मला मेसेज करणारा हा माणूस त्या कंपनीचा आहे का?

मी बरीच वर्षं एका कंपनीत नोकरभरतीचं काम केलं. एक दिवस गेटवरून फोन आला, ‘मॅडम, एक मुलगा आलाय, म्हणतो आजपासून कामावर आहे.’ त्या दिवशी आमच्याकडे कोणीच रुजू होणार नव्हतं. खाली गेले. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट ठेवलेलं पत्र. घरून करायचं काम होतं, पण सांगितलेला लॅपटॉप आला नाही म्हणून तो विचारायला स्वतः आला होता. त्याने पत्र माझ्या हातात दिलं. वर आमचा लोगो, खाली माझी सही. सही अगदी माझीच होती. आमच्या कुठल्यातरी जुन्या परिपत्रकावरून उचललेली. पत्र उजेडात धरलं तेव्हा दिसलं की सहीभोवती फिकट करड्या रंगाची चौकट आहे, आणि सहीच्या शेपटीचं टोक चौकटीपाशी कापलं गेलंय. लोगोच्या कडा पुसट होत्या. पगाराचा आकडा अंकात एक आणि अक्षरात दुसराच. त्या मुलाने तीनदा पैसे भरले होते: नोंदणीचे, प्रशिक्षणाचे आणि लॅपटॉपचे. मी समजावून सांगत होते, तो मान हलवत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, ‘पण मॅडम, लॅपटॉप तुमच्याकडूनच मिळेल ना?’

त्याने खात्री केली नव्हती असं नाही. पत्रावर छापलेल्या नंबरावर फोन केला होता. एका बाईंनी कंपनीचं नाव घेऊन फोन उचलला होता आणि ‘हो, तुमचं नाव यादीत आहे’ म्हणून सांगितलं होतं. तो नंबरही फसवणाऱ्यांचाच होता. आमच्या वेबसाइटवरच्या नंबरावर फोन केला असता, तर आमच्या ऑपरेटरने दोन मिनिटांत त्याला खरं काय ते सांगितलं असतं.

तेव्हा ताई, पहिलं काम हे. त्यांनी दिलेला नंबर, लिंक, ईमेल यातलं काहीही पडताळणीसाठी वापरू नका. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधा, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. शोधताना सगळ्यात वर ‘जाहिरात’ असं लिहिलेले निकाल दिसतात, ते सोडून द्या, कारण पैसे भरून खोटी साइटही तिथे वर आणता येते. खऱ्या साइटवर नोकऱ्यांचं पान असतं, तिथे ही जागा आहे का पाहा. नसली तरी त्यावरच निकाल लावू नका. मुख्य नंबरावर फोन करून तीन गोष्टी विचारा. ही भरती चालू आहे का? या नावाची व्यक्ती तुमच्याकडे काम करते का? हे पत्र तुम्ही पाठवलंय का? अशा फोनचा कुठल्याही चांगल्या कंपनीला राग येत नाही. मला तर हायसं वाटायचं, कारण आमच्या नावाने काय चाललंय ते तेव्हाच कळायचं.

आता डिपॉझिटबद्दल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ मध्ये खासगी रोजगार संस्थांविषयी १८१ क्रमांकाचा करार केला. त्याच्या सातव्या कलमात म्हटलं आहे की अशा संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, पूर्ण किंवा अंशतः कसलंही शुल्क घेऊ नये. काही ठरावीक बाबतीत देशांना अपवाद करता येतात, पण मूळ तत्त्व सरळ आहे: काम देणारा पैसे देतो, काम करणारा नाही. प्रामाणिक कंपनीला लॅपटॉपची काळजी असेल तर ती लॅपटॉप पाठवते, पोहोच म्हणून सही घेते आणि परत न केल्यास काय ते करारात लिहिते. रुजू होण्याआधी नवख्या माणसाकडून रोख मागत नाही. ‘परत मिळेल’ या शब्दाने फार जण भुलतात. परतच द्यायचे असतील तर घ्यायचे कशाला, एवढंच त्यांना विचारून पाहा.

याच डावाचा उलटा प्रकारही आहे आणि तो जास्त फसवा आहे. तिथे ते तुमच्याकडे मागत नाहीत, उलट तुम्हालाच चेक पाठवतात. म्हणतात, यातून आमच्या ठरलेल्या दुकानदाराकडून सामान घ्या आणि उरलेली रक्कम परत पाठवा. चेक खात्यात जमा झालेला दिसतो, तुम्ही पैसे पाठवता, आणि काही दिवसांनी बँक कळवते की चेक खोटा होता. खात्यात रक्कम दिसणं आणि चेक खरोखर वटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पाठवलेले पैसे मात्र तुमचेच असतात.

पत्रासोबत तुम्ही ईमेलचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी कंपनीचं नाव ठळक दिसतंय. पण ते नाव ज्याला जे हवं ते लिहिता येतं, त्याला काही अर्थ नाही. त्याखालचा बारीक पत्ता वाचा. मी भिंग घेऊन वाचला. कंपनीच्या नावात जिथे इंग्रजी ‘एम’ हवा तिथे ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं चिकटून बसलीत. मोबाइलच्या पडद्यावर ती हुबेहूब ‘एम’ दिसतात. एकदा मलाही ‘एम’च वाटला. दुसऱ्या पत्रांमध्ये कंपनीच्या नावापुढे ‘करिअर’, ‘जॉब्स’, ‘एचआर’ असलं शेपूट लावलेलं असतं. पत्ता नेहमी शेवटाकडून वाचायचा: अगदी शेवटच्या टिंबाच्या लगेच आधी जे नाव असतं, बहुतेक पत्त्यांचा मालक तोच. कंपनीचं नाव त्याच्याही आधी, सुरुवातीला कुठेतरी आलं असेल तर ती निव्वळ सजावट. काही देशांच्या पत्त्यांत शेवटी दोन तुकडे असतात, तिथे एक पाऊल आणखी मागे जायचं.

हे नाव कधी नोंदवलं गेलं तेही कळतं. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणारी आयकॅन ही जागतिक संस्था आहे. तिच्या लुकअप पानावर डोमेन, म्हणजे पत्त्यातलं हे नाव शेवटच्या टिंबानंतरच्या भागासकट, टाकलं की नोंदणीची तारीख दिसते, फुकट. पूर्वी या सोयीला सगळे ‘हू-इज’ म्हणायचे. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी तिची जागा आरडीएपी या नव्या पद्धतीने घेतली, पण वापरणाऱ्याला फरक पडत नाही. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्याने गोंधळून जाऊ नका. तारीख पाहा. कंपनी वीस वर्षांची आणि डोमेन तीन आठवड्यांचं, असं दिसलं तर पुढचं काही तपासायची गरज नाही. वेबसाइट जुनी असल्याचा दावा असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तिची जुनी पानं पाहता येतात. ते २००१ पासून सर्वांसाठी खुलं आहे.

एक सावधगिरी मात्र घ्या. ईमेलचा पत्ता बरोबर निघाला म्हणजे पत्र खरं, असं उलटं धरू नका. पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट लावता येतो. पत्ता चुकीचा असेल तर लबाडी पक्की. पत्ता बरोबर असेल तर कंपनीला फोन करणं बाकीच आहे.

कंपनी नावाजलेली नसेल, छोटी किंवा नवी असेल तर? अशाही नोकऱ्या खऱ्या असतात, आणि दोन-तीन माणसांचा उद्योग साधा फुकटचा ईमेल वापरत असेल तर लगेच त्याला चोर ठरवू नये. तिथे कंपनी ज्या देशात नोंदवली आहे तिथल्या सरकारी नोंदवहीत नाव आणि नोंदणी क्रमांक शोधा. पण नोंदवही फक्त कंपनी आहे एवढंच सांगते, ती पगार देते की नाही हे सांगत नाही. म्हणून माणसाला भेटा, निदान व्हिडिओवर. ‘एचआर’शी नको, जो तुमच्याकडून रोज काम करून घेणार त्याच्याशी. तुम्ही हिशेबाचं काम केलंय, तेव्हा विचारा: नोंदी कुठून येणार, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या, चूक झाली तर कोण तपासणार, माझ्या आधी हे काम कोण करत होतं? खऱ्या साहेबाला कामाबद्दल बोलताना थांबवावं लागतं. खोटा माणूस सारखा पगारावर, मुदतीवर आणि कागदपत्रांवर येतो. केवळ चॅटवर घेतलेली मुलाखत ही मी मुलाखत मानतच नाही. ज्या कंपनीने तुमचा आवाजसुद्धा ऐकला नाही ती तुम्हाला दुप्पट पगारावर घेते, यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: हे काम करून घेऊन त्यांना काय मिळणार? तीन तास आकडे भरायला एवढा पगार देणाऱ्याने तो कुठून काढायचा? याचं पटण्यासारखं उत्तर मिळालं नाही तर त्या धंद्यात विकायचा माल तुम्हीच आहात, हे धरून चाला.

हा प्रश्न विचारला की दुसरा एक प्रकारही लगेच ओळखू येतो. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला स्टार द्या, कुठल्याशा ॲपमध्ये बटण दाबत ‘टास्क’ पूर्ण करा. सुरुवातीला थोडे पैसे खरोखर खात्यात येतात, तिथेच माणूस अडकतो. मग पुढचा टप्पा उघडायला स्वतःचे भरायला सांगतात. पडद्यावर कमाईचा आकडा वाढत जातो, पण काढायला गेलं की आधी कर भरा, मग दंड भरा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे २०२० मध्ये अशा ‘टास्क’च्या एकाही फसवणुकीची तक्रार नव्हती, २०२३ मध्ये सुमारे ५,००० आल्या आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००. ही फक्त एका देशाची आणि फक्त तक्रार करायला पुढे आलेल्यांची संख्या आहे. लाज वाटून गप्प बसलेले यात धरलेलेच नाहीत.

ज्या कामात तुमच्याकडे काहीच मागत नाहीत, तेही दोनदा पाहा. ‘आमच्या ग्राहकांचे पैसे तुमच्या खात्यात येतील, तुमचं कमिशन ठेवून पुढे पाठवा,’ किंवा ‘पार्सल घरी येईल, नवीन पत्ता चिकटवून रवाना करा.’ ही चोरीचा पैसा आणि चोरीचा माल फिरवायची रीत आहे. यात तुमचं नुकसान नंतर दिसतं: खातं गोठतं आणि चौकशीला तुम्हाला बोलावतात, कारण कागदोपत्री नाव तुमचंच असतं. आपलं बँक खातं दुसऱ्याच्या पैशासाठी वापरायला देणारी कुठलीही नोकरी घेऊ नका. यात मी एकही अपवाद करणार नाही.

तुम्ही ओळखपत्राची प्रत आधीच पाठवलीत, याने रात्री झोप लागत नाही असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. तुमच्या हातून मोठा गुन्हा घडलेला नाही. पण काही गोष्टी आजच करा. बँकेला कळवा की ओळखपत्र चुकीच्या हाती गेलंय, आणि खात्यातल्या प्रत्येक हालचालीचा मेसेज येण्याची सोय चालू करा. तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलंय का, हे काही महिने अधूनमधून क्रेडिट रिपोर्टमध्ये पाहत जा. ओटीपी कुणालाही सांगू नका, ‘कंपनीच्या सिस्टिमला जोडण्यासाठी’ असं सांगितलं तरी नाही. स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावतील, ते घेऊ नका. घेतलं असेल तर इंटरनेट बंद करून काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. चॅट रागाने पुसू नका. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार द्या. कुणी पैसे भरले असतील तर पहिल्या काही तासांतच बँकेला सांगावं, पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त असते. यापुढे ओळखपत्राची प्रत कुठेही देताना मजकुरावरून आडवं लिहा: कोणाला, कशासाठी, कुठल्या तारखेला दिली.

तुम्ही नकार दिलात की त्यांचा सूर बदलेल. आधी ‘संधी जाईल’, मग ‘तुमच्या नावे करार झालाय, कायदेशीर नोटीस येईल’. घाबरून पैसे पाठवू नका. कागद आलाच तर वकिलाला दाखवा, त्यांच्याशी बोलत बसू नका.

या माणसांविषयी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये एक अहवाल दिला. म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बळजबरीने जुंपलं गेलं असावं, असा त्यात अंदाज आहे. त्यातल्या कितीतरी जणांना चांगल्या नोकरीची जाहिरात दाखवूनच तिकडे नेलं होतं. तुमच्याशी चॅट करणारा त्यांच्यातला असेलच असं नाही. पण खोट्या नोकरीला फसणं म्हणजे मूर्खपणा, असं मला कुणी म्हटलं की ही माणसं आठवतात.

आता तुमच्या यजमानांचं वाक्य. त्यात दोन गोष्टी मिसळल्यात. ‘एवढा पगार कोण देणार’ हे त्यांचं बरोबर आहे, या कामाला एवढा पगार कोणीच देत नाही. ‘तुला’ हा शब्द चुकला. नोकरी खोटी निघाली म्हणून तुमची लायकी खोटी ठरत नाही, दोन्हींचा काही संबंध नाही. हे त्यांना शांतपणे सांगा, याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल. तुमची शंकाही आत्मविश्वास गेल्याची खूण नाही. चार वर्षांनी कुणीतरी ‘तुमची निवड झाली’ म्हटलं, मन हरखलं, आणि तरी पैसे पाठवायच्या आधी तुम्ही थांबलात आणि पत्र लिहिलंत. हिशेबाच्या माणसाची सवय आहे ती, बेरीज जुळली नाही की पान उलटत नाही.

त्यांना एकच मेसेज करा: ‘मी मुख्य कार्यालयाशी बोलून खात्री करते, दोन दिवसांनी कळवते. डिपॉझिट भरणार नाही. हवं तर करारात लॅपटॉपची अट घाला.’ खरा मालक ‘चालेल’ म्हणेल. बाकीचे काय म्हणतात ते तुम्हाला त्याच संध्याकाळी दिसेल.

आणि ज्या ऑफिसात सात वर्षं काढलीत, तिथल्या जुन्या साहेबांना किंवा सोबत काम केलेल्या कुणाला तरी या आठवड्यात फोन करा. हिशेबाचं बरंचसं काम आता घरून होतं, आणि तुमचं काम त्यांनी पाहिलेलं आहे. फोन करायला संकोच वाटला तर काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घ्या. कंपनीचा मुख्य नंबर लागला आणि ते काय म्हणाले, तेही मला लिहून कळवा.